निमित्त आणि कारण: भूकंप, दुष्काळ, दरडी यांविषयी भूगोलाच्या एका शिक्षिकेस उत्तर

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या आणि नववीला भूगोल शिकवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा: "वर्गात एका मुलीने विचारलं, भूकंप, दुष्काळ, दरड, पूर या सगळ्यांचं मूळ कारण एकच असतं का? पुस्तकातलं उत्तर दिलं, पण तिचं समाधान झालं नाही आणि माझंही. घरी सासरे म्हणतात, कोयनेचा भूकंप धरणाने आणला, आता जागोजागी बोअर पाडून पुण्यालाही आणतील. त्यांनी पानशेतचा पूर लहानपणी पाहिलाय, त्यामुळे त्यांना सहज गप्प करता येत नाही. आणि एवढा पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात टँकर का लागतात?"

ताई, मी भूजल सर्वेक्षणात पस्तीस वर्षं काढली. पुणे, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतल्या विहिरींत दोरी सोडून पाणी मोजणं आणि खडक बघत हिंडणं हे माझं काम. त्यामुळे दुष्काळावर जास्त बोलेन, भूकंपावर त्याहून थोडं कमी, पुराबद्दल त्याहूनही कमी.

मुलीला पहिलं उत्तर द्या: नाही, कारण एक नाही. या सगळ्यांमागे दोन वेगळ्या चुली पेटलेल्या आहेत. एक पृथ्वीच्या पोटात. तिच्या उष्णतेने भूपट्ट सरकतात, ज्वालामुखी होतात, भूकंप होतात. दुसरी चूल म्हणजे सूर्य. समुद्राचं पाणी वर उचलणं, वारे वाहवणं, पाऊस पाडणं किंवा न पाडणं हे तिचं काम. पहिल्या चुलीला पावसाळा-उन्हाळा कळत नाही. म्हणून "यंदा ऊन फार, भूकंप होणार" या बोलण्यात तथ्य नसतं. ग्रहणाचंही तेच.

पण मुलीला खरं हवंय ते यापुढचं, असं मला वाटतं. आपल्याकडे म्हातारं माणूस साध्या पडशाने गेलं तर म्हणतात, "पडशाचं निमित्त झालं." पडसं निमित्त, शरीर आतून थकलेलं होतं हे कारण. घरातल्या बोलण्यात आपण हा भेद किती बरोबर पाळतो! आपत्तीबद्दल बोलताना मात्र तो विसरतो आणि निमित्तालाच कारण म्हणतो. तुमच्या सासऱ्यांचा कोयनेचा मुद्दा नेमका इथला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागलं. पाठोपाठ परिसरात बारीक हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरची घरं पडली, पावणेदोनशे ते दोनशे माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर दूर असलेल्या पुण्यात लोक झोपेतून उठून बाहेर आले. तेव्हापासून त्या टापूत पाच किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसपेक्षा अधिक भूकंप झाले आहेत. दक्षिणेला वारणेचं धरण १९८५ च्या सुमारास भरू लागल्यावर काही वर्षांनी हादरे तिकडेही सरकले. म्हणजे धरणाचा संबंध आहे, यात शंका नको. सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे.

आता उरलेलं निम्मं. भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर या गतीने ईशान्येकडे सरकतो आणि हिमालयाशी अडतो. जड लाकडी कपाट दारातून ढकलताना त्याचा पुढचा कोपरा चौकटीला अडकतो, पण करकर मधल्या फळ्यांतून ऐकू येते. आपण त्या मधल्या फळीवर राहतो. महाराष्ट्राच्या खाली जुन्या खडकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भेगा आहेत. ताण त्यांच्यावर येत राहतो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, घर्षणामुळे त्या सरकत नाहीत, आणि ताण साठत जातो. शंभर वर्षं, हजार वर्षं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

पाणी इथे काय करतं? लोकांना वाटतं, पाण्याने भेग निसरडी होते. तसं नाही. वर्गात दोन विटा घ्या, एकीवर दुसरी ठेवा आणि वरची आडवी ढकलायला सांगा. जोर लागेल. मग दुसऱ्या मुलाला सांगा, वरची वीट हाताने किंचित वर उचलल्यासारखी धर. आता ती सहज सरकेल. खोल भेगेत शिरलेलं पाणी दाबाखाली असतं आणि दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतं. ते त्या दुसऱ्या मुलाचा हात होतं. ढकलणारा हात मात्र भूपट्टाचा, आणि भूकंपात बाहेर पडलेली सगळी ऊर्जा त्याची.

म्हणून कोयनेत धरण निमित्त, साठलेला ताण कारण. याचा पुरावा आपल्या आसपासच आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. खडकवासल्यात १८७९ पासून पाणी अडवलंय, मुळशीचं धरण शंभरीला आलंय, पानशेत, वरसगाव, भाटघर, उजनी सगळी भरतात. ठाणे जिल्ह्यातल्या भातसा धरणाजवळ १९८३ मध्ये हादरे बसले होते. तरी कोयना-वारणेसारखा प्रकार राज्यात दुसरीकडे कुठे झाला नाही. निमित्त सगळीकडे होतं, पोटात तसा ताणलेला खडक सगळीकडे नव्हता. धरण झालंच नसतं तर कोयनेचा भूकंप कधीतरी झाला असता का? बहुधा हो. पण तो आपल्या नातवंडांनी पाहिला असता की शंभर पिढ्यांनंतरच्या कुणी, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे धरण बांधणाऱ्यांची जबाबदारी कमी होत नाही, हेही मुलांना सांगा. नंतरच्या अभियंत्यांनी ती भिंत मजबूत केली, जागोजागी भूकंपमापक बसवले, आणि शास्त्रज्ञांनी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून हे सगळं प्रत्यक्ष बघायला घेतलं. २०१७ मध्ये ते छिद्र पूर्ण झालं. त्यात काळा बेसाल्ट १,२४७ मीटरला संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. कोयनेचे भूकंप होतात ते त्या खालच्या खडकात. ज्याला आपण सह्याद्री म्हणतो तो त्यावरचा थर आहे, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा.

आता बोअर. आपल्याकडचं बोअर शंभर-दीडशे मीटर जातं, फार तर तीनशे. भूकंप सुरू होतो तो काही किलोमीटर खाली. सोसायटीच्या बोअरने भूकंप येत नाही. सासऱ्यांना हे नि:शंक सांगा. बोअरने काय बिघडतं ते वेगळं आहे, त्यावर येतोच. पावसाळ्यानंतर काही गावांत जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येतात, डहाणू-पालघरकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून बारीक हादऱ्यांची मालिका लागली, त्यावरून लोक घाबरतात. असे उथळ, लहान हादरे बहुतेक वेळा हळूहळू विरतात.

बहुतेक वेळा, असं मी मुद्दाम म्हणतोय. कारण किल्लारी परिसरात १९९२ मध्ये असेच हादरे बसले होते आणि नंतर शांत झाले होते. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. मी तिथे पाचव्या दिवशी पोचलो, विहिरींच्या पाण्यात काय बदल झालेत ते बघायला. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी तिथली माती माझ्या अंगावरून गेलेली नाही.

कोयनेच्या आणि किल्लारीच्या तीव्रतेत फार अंतर नव्हतं. बळींत मात्र पन्नासपट. किल्लारीची जमीन तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत सुरक्षित क्षेत्रात दाखवलेली होती, त्यामुळे कुणी सावध नव्हतं. आणि घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंफलेले, मधे बारीक दगड आणि माती, चुना नाही की सिमेंट नाही. वरच्या धाब्यावर दरवर्षी पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, तो पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला. एरवी ही घरं उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्या पहाटे भिंती फुटून दोन्हीकडे पडल्या आणि टनावारी माती खाली आली. काही घरांत सागाचे खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या. गावाकडेला कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांत राहणारी सगळ्यांत गरीब माणसं मोठ्या संख्येने वाचली. तिथे उभं राहून मला कळलं, की जमीन हलणं आणि माणूस मरणं या दोन घटनांना दोन वेगळी कारणं असतात, आणि दुसरं कारण दगडमातीत डोळ्यांना दिसतं.

पुण्याला भूकंपाचा धोका किती, हे तुम्ही स्पष्ट विचारलं नाहीत, पण ते प्रश्नामागे आहेच. २००२ च्या नकाशात पुणे तिसऱ्या म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे, कोयना चौथ्यात. आपलं भाग्य असं, की शहराच्या बऱ्याच भागात काही फुटांवर पक्का खडक लागतो आणि तो हादरा फार वाढवत नाही. नदीकाठचा गाळ, काळी माती, भर घालून बुजवलेल्या जुन्या खाणी, इथे तो वाढतो. पेठांतले जुने वाडे आणि खाली नुसते खांब, वर चार-सहा मजले अशा पार्किंगवरच्या इमारती, यांची मला खरी काळजी आहे. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा इमारती खाली बसवून गेला. तुमच्या सोसायटीचं बांधकाम चालू असेल तर खांबातल्या लोखंडी रिंगा बघा. जवळजवळ आहेत का, त्यांची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवली आहेत का. काटकोनात वाकवून सोडलेली रिंग हादऱ्यात उघडते. एवढं बघायला अभियंता असावं लागत नाही. आणि भूकंपाची तारीख सांगणारा निरोप मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नका. तारीख, वेळ, जागा आज जगात कुणालाही सांगता येत नाही.

आता दुष्काळ.

दुष्काळाचं निमित्त आकाशात शोधतात, आणि ते खोटं नाही. पॅसिफिक महासागराचा मधला आणि पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा तापला, की तिथली हवा वर चढते आणि आपल्याकडची हवा खाली दबते. खाली येणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. याला एल निनो म्हणतात. दोन महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा हा हेलकावा गिल्बर्ट वॉकर यांनी भारतातल्या मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीतच ओळखला. ते इथल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. त्या खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात शिवाजीनगरला आलं, म्हणून आजही शहर बसमधून उतरताना आपण "सिमला ऑफिस" म्हणतो. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, रोज तिथून जाणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण नाही. १९७२ ला एल निनो होता आणि दुष्काळ पडला. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा त्यामानाने साधा, आणि मान्सूनने दगा दिला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा उबदार असला तर तो एल निनोला थोडा उतारा ठरतो. याखेरीज पावसाची बेरीज सरासरीइतकी असूनही खंड नेमका पीक पोटरीत असताना पडला, तर शेतकऱ्याच्या लेखी तो दुष्काळच.

आपल्या जिल्ह्याला याखेरीज एक कायमची गोष्ट आहे, सह्याद्री. अरबी समुद्रावरचं बाष्प घाटावर चढताना थंड होतं आणि तिथेच रितं होतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि पूर्वेला बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आगेमागे. शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये हा फरक. मुळशीत भात आणि इंदापुरात ज्वारी, ही काही शेतकऱ्याची आवड नव्हती. "एवढा पाऊस पडणारा जिल्हा" हे म्हणूनच खरं नाही. पाऊस पडतो तो जिल्ह्याच्या पश्चिम कडेला.

पाचशे मिलिमीटरमध्ये माणसं शतकानुशतकं राहिली आहेत. दुष्काळ पूर्वीही होते, चौदाव्या शतकाच्या अखेरचा, दुर्गादेवीचा म्हणतात तो होता, १६३० चा होता ज्याने तुकोबांच्या घराची धूळधाण केली, १८७६ चा होता. १९७२ पाहिलेली माणसं मला सांगायची, विहिरीला पाणी होतं हो, धान्य नव्हतं. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, त्यावर पोरं जगली. आणि २०१३ ला त्याच गावांत दुकानं धान्याने भरलेली होती, पाणी मात्र टँकरने येत होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. चाळीस वर्षांत दुष्काळाची जात बदलली. पाऊस एवढा बदलला नव्हता. मग बदललं काय?

बदललं ते जमिनीखाली. ते समजायला आपला खडक समजावा लागतो. लोकांना वाटतं, खाली पाण्याच्या नद्या आहेत, खोल गेलं की लागतात. बेसाल्ट असा नाही. तो लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय, चवड रचल्यासारखा. काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकात, आणि पाषाणाच्या सांध्या-चिरांत. दोन थरांच्या मधे कधी कधी तांबडा गेरूचा पट्टा असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. विहीर खणणाऱ्या वडारी मंडळींना हे सगळं आमच्याआधी ठाऊक होतं. एकूण घनफळाच्या एक ते तीन टक्के, एवढंच पाणी हा खडक देतो. गंगेच्या गाळाच्या जमिनीशी याची तुलनाच नको.

आता हिशेब करा, वर्गात करण्यासारखा आहे. एक हेक्टर जमिनीखालची पाण्याची पातळी एक मीटर वर आली, तर दोन टक्क्यांनी दोनशे घनमीटर पाणी झालं. म्हणजे दोन लाख लिटर, दहा हजारी टँकर वीस. त्याच हेक्टरात ऊस लावून पाटपाणी दिलं, तर वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर लागतं. पाऊस वजा केला तरी वरून दीड ते दोन कोटी द्यावं लागतं. पाचशे मिलिमीटर पावसापैकी आपल्या खडकात मुरतो साधारण दहावा भाग, म्हणजे हेक्टरी पाच लाख लिटर. तेव्हा विहिरीवर उभ्या केलेल्या एक हेक्टर उसाला तीस-चाळीस हेक्टरांवर मुरलेलं पाणी जातं. एका शिवारात असे किती हेक्टर बसतात, ते मुलंच भागाकार करून सांगतील. ठिबकाने आकडा बराच खाली येतो, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचं शेतही उसाखाली आलं तर वाचलं काहीच नाही.

पुरंदर तालुक्यातल्या एका गावात मी वीस वर्षं तीच विहीर मोजत होतो. पहिल्या वर्षी चाळीस फुटांच्या त्या विहिरीत मे महिन्यातही पाच फूट पाणी होतं, आणि पाच कुटुंबं तिच्यावर शेंदत होती. मग शेजारच्या रानात बोअर पडलं, साठ मीटर. ते आटलं तसं दुसऱ्याने शंभर मीटर पाडलं. वरच्या मुरमातलं पाणी त्या बोअरच्या भोकातून खाली उतरत होतं आणि मोटर ते उपसत होती. नवं पाणी कुणालाच लागलं नव्हतं, एकाच भांड्यात सगळ्यांनी लांब नळ्या घातल्या होत्या. दहा वर्षांनी माझी विहीर जानेवारीतच कोरडी मिळू लागली. पुढे प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आली. पावसाचं पाणी धरायला ती उत्तम. पण विहिरीतून उपसून ती भरली, तर सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखं होतं, आणि सामायिक पाणी एकाचं होतं. याचा राग मी कुणा शेतकऱ्यावर काढत नाही. उसाला भावाची हमी आहे आणि ज्वारीचा हमीभाव जाहीर होऊनही तो हातात पडेल याची खात्री नाही, तर त्याने काय करावं?

पुरंदरमध्येच विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मालकीवर न वाटता माणशी वाटायचं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि सामायिक पाण्यावर ऊस नाही. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग रब्बीची पिकं ठरवतात. त्या गावात पाऊस जास्त पडतो म्हणून टँकर लागत नाही, असं नाही. शेजारच्या गावांइतकाच पडतो.

तेव्हा टँकर का लागतात याचं माझं उत्तर हे: पावसाची ओढ हे निमित्त, आधीच रिकामं केलेलं भांडं हे कारण. भांड्यात तळाशी चार फूट राखलेले असते, तर एका वाईट वर्षाने गाव उठलं नसतं.

दरडींकडे वळतो, आणि इथे मुलीला दिलेलं माझं "नाही" थोडं मागे घेतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी डोंगराखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं. गाव जागेवर नाही हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. तिथेही विटांचाच खेळ होता. उतारावर झिजलेल्या खडकाची माती बसलेली असते, तिला घर्षणाने धरलेलं असतं. दिवसेंदिवस पाऊस लागला की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, आतला दाब वाढतो, आणि माती खालच्या खडकावरून किंचित उचलल्यासारखी होते. ढकलणारा हात इथे गुरुत्वाकर्षणाचा. कोयनेत पाच-सात किलोमीटर खाली जे पाण्याने केलं, तेच माळीणला काही मीटरवर केलं. तुमच्या वर्गातली ती मुलगी म्हणते ते "एक" कुठे असेल तर इथे आहे, आणि तिने ते न शिकवता हुंगलंय.

माळीणच्या वरच्या अंगाला भातखाचरांसाठी सपाटीकरण झालं होतं. त्याचा वाटा किती यावर मतभेद झाले आणि मी त्यावर निकाल देणार नाही. पण उताराचा पायथा कापला, पाण्याचे ओघळ बुजवले, मुळं काढली की धरणारी बाजू कमकुवत होते, याबद्दल भूशास्त्रात दुमत नाही. भूकंप आणि दरड यांत एक मोठा फरक आहे, दरड सूचना देते. उतारावर अर्धचंद्राकार भेगा पडतात, झाडं-खांब कलतात, दारं चौकटीत अडकू लागतात, स्वच्छ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येतं किंवा वाहता झरा बंद होतो. डोंगराच्या कुशीत आजोळ असलेली मुलं तुमच्या वर्गात असतील, त्यांना हे पाठ करायला लावा. यातलं एक दिसलं आणि पाऊस थांबत नसेल, तर त्याच रात्री गाव सोडायचं, सकाळची वाट बघायची नाही.

पुराबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तुम्ही त्याच रस्त्यावर होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने वीसहून अधिक माणसं नेली, तेव्हा तर नदीचाही प्रश्न नव्हता, कात्रजच्या डोंगरावर दोन-तीन तास पाऊस आणि खाली आवळलेला ओढा. पाऊस पडण्याची तऱ्हा बदलतेय हे खरं आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि पुण्यातल्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पण पूररेषेचा अर्थ मात्र मुलांना नीट सांगा. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदाचा पूर, असं ऐकलं की वाटतं आपल्या हयातीत नाही येणार. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती जवळजवळ चारात एक होते. निळी रेषा पंचवीस वर्षांची, तिच्या आत घर घेतलं तर शक्यता सांगायलाच नको.

पानशेत मी नैसर्गिक आपत्तींत धरत नाही. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं ते धरण बांधून पुरं झालेलं नव्हतं, पाणी सोडायची व्यवस्था पुरी व्हायच्या आत त्यात पावसाळ्याचं पाणी अडवलं गेलं. सासऱ्यांना पाण्याबद्दल आणि धरणांबद्दल जो अविश्वास आहे तो त्या दिवसाने दिलाय, आणि तो मला पूर्ण समजतो.

त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एकदा वर्गात बोलवा. कोयनेच्या पहाटे ते कुठे झोपले होते, भांडी फडताळातून पडली की नुसती वाजली, टांगलेला कंदील कोणत्या दिशेला झोके घेत होता, भिंतीला तडा गेला तो कुठून कुठे, हे मुलांनी त्यांना विचारून वहीत लिहून घ्यावं. भूकंपमापकं थोडी होती तेव्हा हादऱ्याच्या तीव्रतेचे नकाशे आम्ही अशाच घरगुती आठवणींवरून आखत होतो.